विलायती कुचला

आता काय सांगू तुमाले, माह्या या तोंडानं मले जेवढं बुडवलं ना, तेवढं कोण्या दुश्मनानंही बुडवलं नसतं! हसू नका. चहा घ्या अन् ऐका.

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मी आलापल्लीच्या जंगलात नवानवा नाकेदार. काम काय, तं झाडं मोजा अन् कुचल्याचं बी गोळा करा. कुचला म्हणजे निव्वळ जहर! पण त्याचं बी दवाईसाठी विलायतेले जाये. एक कुत्रं ते खाऊन मेलेलं मी पाहिलं होतं. आधी जबडा आखडला, मंग सारं अंग लाकूड. हे ध्यानात ठेवा बरं.

त्या दिवशी रेंजर साहेब येणार, म्हणून बंगल्याचं कपाट साफ करून राह्यलो होतो. मागं एक बाटली सापडली. बुचाले तार बांधलेली, वर बोटभर धूळ, अर्धा कागद वाळवीनं खाल्लेला. कोण्या गोऱ्या साहेबानं ठेवली, कधी ठेवली, कोणालेच पत्ता नाई. मले वाटलं, शरबत असन.

तार काढली तं बूच फट्टकन छताले! लाल फेस बाहेर. वाया काऊन घालवा? लावली तोंडाले, घेतले दोन घोट.

बापा! आंबट तं इतकं का डोळेच मिटले. मागून कडू. अन् जिभेवर झिणझिण्या!

तेवढ्यात बंगल्याचा खानसामा सोमाजीभाऊ आला. साठीचा माणूस, जंगलातलं पान न् पान ओळखे. त्यानं बाटलीवरचा कागद पुसला. त्यावर चित्र, देठाले लोंबणारं लाल गोल फळ!

"अरे दशरथा, हे तं पिकलेलं कुचल्याचं फळ! आपला कुचला विलायतेले जाते ना? तिथी त्याचा काढा करून बाटलीत भरतात. किती प्यालास?"

"दोन घोट!"

"मंग गेलास तू."

तिकडं आमच्या सावली गावात माय धान कापून राह्यली असन, अन् इथी मी लाकूड होऊन पडीन! खरं सांगतो, रडूच आलं.

सोमाजीभाऊनं वाटीभर तूप माह्या घशात ओतलं. "जबडा हालवत राह्य! आखडू देऊ नको! बोल!"

"काय बोलू, भाऊ?"

"काहीही बोल! थांबला का मेला!"

मंग काय, सुटलो! पाढे म्हटले, मामाच्या म्हशींची नावं घेतली, शाळेतल्या मास्तरांची घेतली. रेंजर साहेब सायकलवरून उतरले तरी तोंड चालूच. सोमाजीभाऊनं त्यांना सारं सांगितलं. साहेबांनी बाटली उचलली, कागद वाचला, वास घेतला.

"अरे दशरथ, हे तर..."

"साहेब, मधात बोलू नका जी! थांबलो का मेलो!"

"अरे, ऐक तर..."

"नाई जी!"

पण आता बोलायले उरलंच काय होतं? म्हशी संपल्या, मास्तर संपले. घामानं पूर्ण भिजलो. जबडा थांबते का काय, अशी धास्ती! अन् तोंडात आलं ते निघालं.

"साहेब, तुमच्या पाच कोंबड्या बिबट्यानं नाई नेल्या जी! मीच खाल्ल्या! सोमाजीभाऊनं रांधल्या!"

"चूप बस, बह्याडा!" सोमाजीभाऊ ओरडला. हाच माणूस आतापर्यंत बोल बोल म्हणून राह्यला होता!

त्या बिबट्यासाठी साहेब आठ दिवस मचाणावर बसले होते हो! ते शांतपणे खुर्चीत टेकले.

"आणि ते पंजाचे ठसे?"

"मीच उमटवले जी! मुठीनं!"

"बरं. बोल, बोल. थांबू नको, मरशील."

मी सारं सांगितलं. मसाला कोणता, रस्सा कसा, टांग कोणाले. सारं ऐकून झाल्यावर साहेबांनी ग्लास मागवला, बाटली त्यात ओतली अन् मोठा घोट घेतला. मी किंचाळलोच!

"चेरी म्हणतात या फळाला," साहेब ओठ पुसत म्हणाले. "बेल्जियमची, याच फळाची बियर आहे. जुनी झाली की आणखी आंबट होते. मघापासून तेच सांगत होतो, तू बोलू देशील तर!"

पंधरा दिवसांत माही बदली झाली सिरोंच्याले. तिथी सारे तेलुगू बोलत. सहा महिने माह्याशी बोलायले कोणी नाई!

आजही वाटते, खरा कुचला असता तं बरं झालं असतं. कोंबडीचं नाव निघायच्या आधी जबडा तरी आखडला असता!