पावडर पेरणारा हात

मामा उजवा हात कायम एप्रनच्या खिशात ठेवायचे. चहासुद्धा डाव्या हाताने घ्यायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, काय रुबाब आहे माणसाचा. मलाही वर्षभर तसंच वाटत होतं.

सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मी काचेच्या बशीत त्वचेच्या पेशी वाढवतो. मैंदर्गीहून पहिल्या एसटीने येणारे मामा तिथे मदतनीस होते. शरीरात पेशींभोवती मोठमोठ्या रेणूंची दाटी असते. बशीतलं खाद्य मात्र पाण्यासारखं पातळ, त्यामुळे पेशींनी विणलेले धागे टिकत नाहीत. म्हणून त्यात मोठ्या रेणूंची पावडर विरघळवून मुद्दाम गर्दी करायची. मी पावडर टाकली की गुठळ्या. महिनाभर नुसत्या गुठळ्याच चालल्या होत्या.

"सरका सर," मामा एकदा म्हणाले. "घाई करायची न्हाय की. पिठल्याला पीठ कसं पेरत्यात?"

त्यांनी खिशातला हात बाहेर काढला. तो थरथरत होता. चमच्यातून पावडर चाळल्यासारखी पडत राहिली, एकही गुठळी झाली नाही. पुढच्या आठवड्यात बशीत धाग्यांचा छान थर धरला.

"कुणाला बोलू नका," मामा म्हणाले. नोकरी कंत्राटी, दर जूनला नव्याने मिळायची. कोरडवाहू तुकड्यावर त्यांचं घर चालत नव्हतं. मी शब्द दिला.

मग आमची वार्षिक बैठक झाली. प्रमुखांनी विचारलं, जमलं कसं? माझी जीभ पहिल्यापासून सैल. म्हणालो, श्रेय मामांच्या हाताचं, तो थरथरतो म्हणून तर पावडर अशी पडते. सगळे हसले, टाळ्याही वाजल्या. खरं सांगतो, मला ते कौतुकच वाटत होतं.

जूनमध्ये कार्यालयाने मामांकडे हात धड असल्याचा डॉक्टरचा दाखला मागितला. तो मिळाला नाही, नोकरी गेली.

शेवटच्या दिवशी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. रडू येईल असं वाटलं होतं, पण आत काहीच हललं नाही. अजूनही हलत नाही. मैंदर्गीच्या वाटेवरची अक्कलकोटची गाडी लागली, मी त्यांची पिशवी वर दिली.

"कुणी सांगितलं काय म्हाईत," खिडकीतून मामा म्हणाले. "पर तुमी न्हाय, एवढं ठावं हाय मला."

मी मान डोलावली.