बिनमाशाची बिअर

आमच्या कचेरीतले हेडक्लार्क गेल्या वर्षी व्हीगन झाले. दूध सुटलं, दही सुटलं, मधही सुटला. बिअर सुटेना. त्यातच कुणीतरी सांगितलं, की काही कंपन्या बिअर नितळ करायला माशाच्या पोटातली पिशवी वापरतात. झालं! तेव्हापासून दर शनिवारी जव्हारच्या दुकानात हे एकेक बाटली उजेडाकडे धरून लेबल वाचतात.

"मासा नाही ना हो यात?"

"आजवर तरी निघाला नाही, साहेब," दुकानदार गंभीरपणे सांगतो.

परवा नाचणी आणायला आम्ही दोघं साखरशेतला एका ओळखीच्या आजोबांकडे गेलो. त्यांनी घरची मोहाची दारू काढली. रीतीप्रमाणे आधी चार थेंब भुईवर सांडून धरतरीला दिले आणि पहिला पेला साहेबांपुढे धरला.

"यात काय काय असतं?"

"फुलां न पानी, सायेब. दुसरा काय नाय."

मी मनात म्हटलं, चला, वर्षभराचा शोध संपला! साहेबांनी पेला चारही बाजूंनी न्याहाळला.

"पण याला लेबल कुठंय?" म्हणाले, आणि परत केला.

आजोबांनी तो पेला सबंध धरतरीला दिला. तिला वाचता येत नाही.