एक वाजताची नळी

माझ्या पर्समध्ये कापडी पाऊच असतो. दोन नळ्या, तिसरी बारीक, जेल, सलाईन, सिरिंज. यादी आतल्या बाजूला चिकटवलेली. कर्करोगामुळे मूत्राशय काढलं, त्याला दीड वर्ष झालं. आतड्याची पिशवी करून पोटात शिवली आहे, तिचं तोंड बेंबीत. दर चार तासांनी बेंबीतून नळी घालून लघवी काढते. हे नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना मी "गर्भाशयाचं ऑपरेशन" सांगितलं होतं.

धाकट्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा कनेरगाव नाक्याला, तिच्या घरीच होता. सकाळी नऊला नळी घातली. एकला मोबाईलचा गजर वाजला, तेव्हा बायकांच्या पंगतीत पानं वाढून झाली होती. मी उठायला लागले, तर नणंद मठ्ठ्याची बादली घेऊन समोर.

"कुठं चालल्या वहिनी? पंगत उठल्याबिगर उठायचं न्हाई. मुलाकडचे पाहून राहिले."

बसले. वीस मिनिटांनी काय बिघडतंय, असा हिशेब केला. शेजारी विहीणबाई. त्यांच्या आग्रहाने दोन पेले मठ्ठा गेला. मग ओटी, मग फोटो. मागच्या खोलीत हळदीच्या पोत्यांजवळ कडी लावली तेव्हा सव्वातीन झाले होते.

पोट उजवीकडे टणक. नळी दोन बोटं गेली आणि अडली. काढली, जेल लावलं, पुन्हा अडली. पिशवी फार भरली की वाट दाबली जाते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. जोर करायचा नाही. पिशवी फाटली तर जीवावर बेतेल. नाहीच गेली तर तडक नांदेडचा दवाखाना. गाडी घेऊन नवरा काही पाहुण्यांना वाशीमला सोडायला गेलेला. फोन केला. "येऊन राहिलो, अर्धा तास."

आडवं पडून अंग सैल सोडायला हवं होतं. पण बल्बच्या अंधूक उजेडात, पडल्या पडल्या, मला एकटीला जमेना. तेवढ्यात नणंदेने दार वाजवलं.

"वहिनी, झोपल्या काय? पाहुणे निघून राहिले."

मी कडी काढली. तिने नळी पाहिली. मी तीन वाक्यांत सांगितलं.

"बेंबीतून?" मग तिचा आवाज चढला. "अन् मी तुमाला धरून बसवलं! एवढ्या नेमाच्या तुमी, यादी करून बाजाराला जाता, अन् हे काहून दडवलं?"

"नंतर भांड. आधी साबणानं हात धू."

ती हात धुऊन, घंगाळ घेऊन आली. मी पोत्यांवर आडवी झाले, गुडघे वर घेतले. बारीक नळीचं पाकीट टोकाला हात न लावता फोडायला सांगितलं. एका हातात तिने मोबाईलचा उजेड धरला.

नळी त्याच जागी अडली. मी ढकलली नाही, नुसती धरून ठेवली.

"श्वास सोडा. बाळंतिणीला सांगतात तसा."

एकदा सोडला, काही नाही. खोकले. दुसऱ्यांदा सोडताना नळी आपसूक आत सरकली. आधी आतड्याचे चिकट धागे आले, मग धार.

"वहिनी, घंगाळ भरून राहिलं की ओ," ती म्हणाली. आवाज रडका होता.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, विहीणबाई निरोपासाठी थांबल्यात.

"थांबा म्हणा!" ती तिथूनच ओरडली. सिरिंजमध्ये सलाईन भरून मी पिशवी दोनदा धुऊन घेईपर्यंत तिने उजेड हलवला नाही. व्याह्यांना गाडीपर्यंत तिचा नवराच पोचवून आला.