बांधावरचा गूळ

हत्तीचं शेण चाळून आमची पोरगी पोट भरते, असं आई भावकीत सांगायची आणि स्वतःच हसायची. मी कर्नाटकातल्या जंगलात रानहत्तींचा अभ्यास करते. शेण तपासलं की कुठला हत्ती कुठून कुठं गेला ते कळतं. त्यांतलाच एक तरणा सुळेवाला गेल्या वर्षी भरकटत आमच्या वारणाकाठच्या गावात उतरला. आई हसायची विसरली. गणपती आपल्या पायानं दारी आला म्हणून ती रडली.

मला भीती होती तारेची. रानडुकरं ऊस नासतात म्हणून आमच्याकडं बांधाला तार लावून तिच्यात चोरून करंट सोडतात. हत्ती जिवंत माघारी जायचा तर वाटेवरच्या सगळ्या गावांनी तारा काढायला हव्या होत्या. आबा, माझे वडील, मिलिटरीतून पेन्शनीत आलेले, त्यांच्या शब्दाला मान होता. ते मोटारसायकलवर गावोगाव फिरले. कानडी वस्त्यांवर हातवारे करून समजावलं, शिव्याही खाल्ल्या. शेवटी तारा निघाल्या, सगळ्या गावांचा मोबाइलवर एक ग्रुप झाला. नियम मी घातला होता. हत्ती पुढं गेल्याची खूण मिळाली तरी दोन दिवस थांबायचं, मग मी निरोप देईन, तोवर कुणी तार जोडायची नाही.

आमच्या शेजारीच चुलत्यांचा ऊस. त्यांनी तार काढली, पण आबांना रोज टोचायचे.

"तुझ्या लेकीचा हत्ती जगंल रं, माझा ऊस डुकरं खात्यात त्याचं काय?"

आबा घरी आले की तांब्याभर पाणी प्यायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला ते बघवायचं नाही.

एका सकाळी गावाबाहेरच्या खिंडीपलीकडं ताज्या पाऊलखुणा दिसल्या. दिशा बरोबर होती. मी तिथूनच ग्रुपवर टाकलं, हत्ती पुढं गेला. दुपारी चुलत्यांनी तार जोडली.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आदल्या संध्याकाळी आईनं आमच्या बांधावर हळदीकुंकू वाहून गुळाची अख्खी ढेप आणि नारळ ठेवला होता. मला सांगितलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं, म्हणून सांगितलं नाही. माझा स्वभाव तिला पुरता माहीत. हत्ती गूळ खाऊन खिंड ओलांडून गेला होता. पण गुळाची चव लागलेला हत्ती माघारी फिरतो. तो फिरला, आणि आमच्या बांधाकडं येताना चुलत्यांच्या उसातून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथं कुशीवर पडलेला होता. सोंडेखालचा ऊस मोडला होता. बायका ओंजळीत फुलं घेऊन आल्या, चुलते बांधावर डोकं धरून बसले होते. मी टेप काढून त्याची मापं घेतली, कारण दुसरं काही करायला हात धजत नव्हते. आयुष्यात इतकं पोरकं मला कधी वाटलं नव्हतं.

आई माझ्यामागं येऊन उभी राहिली. गुळाचं तिनं तेव्हाच सांगितलं. मग हळूच विचारलं, "म्या ठिवला नसता तर गेला असता का गं त्यो?"

"व्हय," मी म्हणाले. "सरळ घरला गेला असता."

पुढं आबा गावोगाव बैठका घ्यायला लागले, तेव्हा आई न बोलावता त्यांच्यामागं गाडीवर बसायची. बायकांपुढं उभी राहून सांगायची, "हत्तीला काय बी खायला घालू नगा. म्या घातलं, म्हणून त्यो मेला." अजून सांगते. कानडी बायकांनाही ते समजतं. मी पाठीमागं वही घेऊन बसलेली असते, आणि दोन दिवस थांबायचा नियम मी मोडला होता, हे तिला आजवर सांगितलेलं नाही.