पुलाखालची दोन बोटं

धुकं इतकं दाट होतं की काठीवाल्याला स्वतःच्याच काठीचं टोक दिसेना. छोट्या टेम्पोच्या तोंडाला उभी बांधलेली ती काठी म्हणजे त्याची रोजीरोटी. मागच्या ट्रेलरवरच्या मालापेक्षा ती चार बोटं उंच ठेवायची. ती सुखरूप गेली की माल जाणार, ती अडली की सगळ्यांनी थांबायचं. आज माल म्हणजे घराएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रेलर चालवायला त्याचा थोरला साडू.

"पूल काय म्हणतोय?" निघताना साडूनं विचारलं होतं.

"वाट बघतोय तुमची. सहा-सात बोटं मोकळी आहेत."

ते माप गेल्या आठवड्याचं होतं. आदल्या दिवशी पुन्हा मोजून यायचं, ही रीत. पण काल सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. आणि पूल काय, आठवड्यात गुडघे टेकतोय थोडाच?

पुलाखाली काठी करकरली आणि वाकली.

त्यानं ब्रेक दाबला. मागे धुक्यात कुणालाच काही दिसलं नव्हतं. काठी दवानं फुगली असेल, मन लगेच वकिली करायला लागलं. गप्प पुढे सरकलं तर कालच्या चुकारपणाची गोष्ट झाकली जाणार होती. पण मागून येत होता तो बायकोच्या बहिणीचा नवरा. काठीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

साडू लांबूनच ओरडत आला. "काय झालं? टेकलं का कुठं?"

"काठी अडली. काल मी आलोच नव्हतो मोजायला. सासूबाईंना घेऊन गेलो होतो."

दोघांनी खाली बघितलं. रस्त्यावर डांबराचा काळाकुळकुळीत नवा थर. वास अजून गेला नव्हता. काठीवाल्यानं पुन्हा माप धरलं.

"दोन बोटं राहतायत."

"मग आहे की जागा!"

"गाडीनं एक हेलकावा खाल्ला की संपलं. हवा सोडू."

साडूनं बाह्या वर सारल्या. "म्हणजे पूल बुटका झाला तो आमच्या सासूबाईंपायी. त्यांना कळलं तर पुलाचंही काही खरं नाही." आणि तो वाकून पहिल्या चाकाची हवा सोडायला लागला.

एकेक टायर सुस्कारे टाकत बसलं. मग साडू मुंगीच्या पावलानं निघाला. काठीवाला शेजारून चालत होता, मान वर करून. वरची तुळई आणि माल यांच्यामधून उजेडाची पट्टी सरकत राहिली. बारीक, पण सलग. ट्रेलरची शेपटी बाहेर पडली तेव्हा कुठं त्यानं घाम पुसला. सगळ्या टायरांत पुन्हा हवा भरता भरता दुपार कलली.

घरी बायको धुतलेल्या चादरी घेऊन अंगणात उभी होती. "आईला उद्या परत बोलावलंय दवाखान्यात. न्याल ना?"

"नेईन. पण आधी उद्याचा रस्ता मोजून येतो, मग."

"बरं. आता या वाळत घाला. दोरी उंच बांधलीय तुम्ही, माझा हात पुरत नाही."

त्यानं काठी सोडवली, ओली चादर टोकावर घेतली आणि दोरीवर सारली.