शांतामावशींनी बांधलेला खोका

शांतामावशींनी बांधलेला खोका पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसले होते. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी इतरांवर चिडणार आहे.

लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी कोर्स करून मी फुलपाड्यातल्या एका तपासणी केंद्रात नुकतीच लागले होते. आमच्याकडे नमुने घेतात, तपासणी मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये होते. नमुने बांधायचं काम मावशींचं. त्या बोळिंजच्या वाडीवाल्या घरातल्या, शिक्षण सातवी. बाटलीचं झाकण आवळून त्या ती टिश्यूपेपरवर उलटी धरायच्या. डाग पडला नाही, तरच बाटली पुढे जायची. मग भोवती कापूस, मग बंद पिशवी, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि डबा थर्माकोलच्या खोक्यात उभा. हे सगळं नियमात आहे. नियमात नव्हती ती शेवटी खोक्यावर बांधायची सुतळी.

"मावशी, लग्नाचा आहेर आहे का हा?"

"हस बाय, हस. माझा बाप चाफ्याच्या टोपल्या अशाच बांधून दादरला पाठवायचा. प्रत्येक घराची गाठ वेगळी. नाव लिहावं लागायचं नाही, दलाल गाठ बघूनच सांगायचा, ही जगन्नाथची टोपली. वाटेत कोणी हात घातला, तर त्याला परत तशी बांधता यायची नाही."

त्यांची गाठ मीही शिकायचा प्रयत्न केला. दोन वेढे, टोक उलटं आत, वरून काहीच दिसत नाही. मला महिनाभर जमली नाही.

मार्चमध्ये उर्सुलाबाईंचा नमुना आला. त्या शाळेत शिकवतात. जिभेच्या कडेला दोन महिने न भरणारी जखम होती. डॉक्टरांनी तिथला तांदळाएवढा तुकडा काढून फॉर्मालिनच्या, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावाच्या, बाटलीत आमच्याकडे पाठवला. मावशींनी तो माझ्यासमोर बांधला.

तीन दिवसांनी लॅबचा निरोप आला: फॉर्मालिन गळलं, तुकडा वाळला, तपासणी अशक्य.

आमचे मॅनेजर कल्पेश सर टाइप केलेला कागद घेऊनच आले. "मावशी, इथे सही करा. पॅकिंग नीट झालं नाही, एवढंच लिहिलंय. टेन्शन नका घेऊ, फॉर्मॅलिटी आहे."

मावशींनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. "यात लिहिलंय, माझ्या निष्काळजीपणामुळे."

"अहो, फुलं बांधायची सवय तुमची. होतं असं."

शिक्षण माझं, सर्टिफिकेट माझं, आणि तोंड मात्र उघडेना. नोकरी नवी होती. त्याची लाज मला अजून वाटते.

मावशी म्हणाल्या, "लॅबने फोटो पाठवला असेल ना? दाखवा."

सरांनी नाइलाजाने मोबाइल पुढे केला. उघडण्याआधीचा खोका, मग उघडलेला. आत बाटली डब्याबाहेर, आडवी पडलेली, झाकणाला तडा गेलेला. शेजारी रक्ताच्या सहा ट्यूब, ज्या आमच्या नव्हत्याच. मावशींनी मात्र पहिल्याच फोटोवर बोट ठेवलं. सुतळीवर दोन कानांची सुरगाठ होती, बुटाच्या नाडीसारखी.

"ही माझी नाही. वाटेत खोका कोणी उघडला?"

आता मला वाचा फुटली. "सर, या ट्यूब कुठल्या?"

दारात नमुने लॅबला नेणारा गाडीवाला विकी उभा होता, तो वैतागून म्हणाला, "तुम्हीच बोललात ना सर, आचोळ्याच्या सेंटरच्या ट्यूब त्याच खोक्यात कोंबायला? डबा मोठा होता, म्हणून तिथल्या पोराने काढून टाकला. आता मावशींच्या गळ्यात का मारताय?"

एक खोका वाचवायला एका बाईची जीभ! आणि दोष कोणाचा, तर सातवी शिकलेल्या मावशींचा. कागद तयारच होता. मला राग त्याचा आहे. चूक कोणाची, हे शोधायच्या आधीच सही कोणाची घ्यायची, ते ठरलं होतं.

मावशींनी कागद परत सरकवला. "खरं काय झालं ते लिहा. आणि उर्सुलाबाईंना फोन तुम्ही करा."

"नंतर बघू. गाडी थांबलीय."

"थांबू दे." त्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर. टेबलावर दिवसभराचे नमुने न बांधता तसेच. विकीने इंजिन बंद केलं. वीस मिनिटांनी सरांनी नवा कागद लिहिला, सही केली, आणि फोन लावला. पलीकडून उर्सुलाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "परत तिथूनच कापणार?"



दुसरा तुकडा आला, तो खोका मावशींनी बांधला आणि मांडीवर घेऊन त्या स्वतः विकीच्या शेजारी बसून लॅबपर्यंत गेल्या. या वेळी तपासणी झाली.

पुढच्या आठवड्यात मुख्य ऑफिसचं पत्रक आलं. खोके वाटेत उघडू नयेत, असं त्यात कुठेही नव्हतं. एकच सूचना होती: खोक्यावर सुतळी बांधू नये.

मावशींनी पत्रक वाचलं, घडी करून खणात टाकलं आणि त्याच खणातून सुतळीचं बंडल काढून माझ्यासमोर ठेवलं.

"आज तू बांध, बाय."