एका नमुन्यासाठी सोलापूर ते सांगोला

पुण्याहून सोलापूरला मी एरवी सणासुदीला जाते. या वेळी निघाले ती रक्त द्यायला.

माझा धाकटा भाऊ मधू छत्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. त्याआधी वडील, चुलते, दोघंही चाळिशीतच. म्हणून सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासणीला बोलावलं होतं. सकाळची गाडी धरली की चार तासांत पोचतो. पाणी मात्र घरून भरून घ्या, ऊन भाजून काढतं.

नवी पेठेमागे सुनीताची खोली. सुनीता मधूची बायको, ब्लाऊज शिवते. तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली, वर तेलाचा थेंब नाही. मधू गेला त्या दिवशी भरल्या घरात मीच तिला म्हटलं होतं, "तुझ्या तळणानं खाल्लं माझ्या भावाला."

दवाखान्यात माझं आणि तिच्या लेकीचं, रुचाचं रक्त घेतलं. रुचा अकरा वर्षांची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकाच ताटात जेवलेली भावंडं. एकाला आईबापाकडून जनुकातला बदल मिळतो, दुसऱ्याला नाही. जन्माआधीच चिठ्ठी पडलेली असते. ज्याला मिळतो त्याच्या रक्तात लहानपणापासून कोलेस्टेरॉल जास्त, आणि बहुतेकदा त्याचंच हृदय लवकर बिघडतं. अशी घरं तपासली तरच खरं कारण कळतं, आणि वेळेत गोळी सुरू करता येते." मग विचारलं, "चुलतभाऊ का नाही आले?"

संभाजी येतच नव्हता. दुसऱ्या दिवशी सुनीताला घेऊन एसटीनं सांगोला गाठलं. मंगळवेढ्यामार्गे दोन तास, खिडकीची जागा सावलीच्या बाजूची बघा. संभाजी डाळिंबाच्या बागेत फवारत होता. काटक गडी, पोटाचा पत्ता नाही.

"मला काय धाड भरलीया? पोरीचं लगीन जमत आलंय. रक्तात खोट हाय म्हणून गावभर हुईल की."

मी समजावत राहिले, तो पाठ करून फवारत राहिला. शेवटी सुनीता म्हणाली, "भावजी, चढ चढताना तुमी छातीला हात लावून थांबता. आत्ताबी बघितलं मी. ह्येबी असंच थांबायचे."

पंप बंद झाला. "दाटतंय जरा," तो हळूच म्हणाला.

परतीच्या एसटीत तो आम्हा दोघींच्या मधे बसला होता. मोहोळकडे जाणारा फाटा आला तेव्हा त्याचा चेहरा घामानं ओला झालेला. सुनीतानं त्याचं मनगट धरलं ते सोलापूरपर्यंत सोडलं नाही. दवाखान्यात रक्त राहिलं बाजूला, आधी ईसीजी झाला आणि त्याला तिथंच भरती करून घेतलं. अँजिओग्राफीत दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या. नमुना त्यानंतर घेतला. वेळेवर आणलंत, एवढंच डॉक्टरीणबाई बोलल्या.

जनुकाचा अहवाल काही आठवड्यांनी पुण्यात कळला. संभाजीत तो बदल आहे. रुचातही आहे, बापाकडून आलेला. माझ्यात नाही. त्याच घरात, त्याच तेलात वाढलेली मी सुटले.

मी सुनीताला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडचं शिलाई मशीन थांबलं.

"आक्का, म्हंजे माज्या हातनं न्हाय झालं?"

"न्हाय गं. मी चुकले. भरल्या घरात बोलले, भरल्या घरात माफी मागीन."

"ते र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "रुचाची गोळी कवापासनं चालू करायची, तेवढं इचारा."